आपोआप लिनक्स बसवणारी स्क्रिप्ट: बसवल्यानंतर ती सांभाळायची कशी

"सर, आम्ही स्क्रिप्टला हातसुद्धा लावला नाही. गेल्या वर्षी वीस मशिनं झाली, यंदा पहिलंच अडकलं."

हातसुद्धा लावला नाही, म्हणूनच अडकलं. स्क्रिप्ट जागच्या जागी असते, पण तिच्या भोवतालचं सगळं हलत असतं. डेबियन या लिनक्स प्रकाराची नवी आवृत्ती येते, जुन्या डिस्कच्या जागी एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) बसते, शाळा नवा राउटर घेते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळा आणि सोसायट्यांच्या जुन्या मशिनांवर डेबियन चढवायचं काम वाढलं आहे. बहुतेकांकडे कुणीतरी दिलेली प्रीसीड फाईल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली) असते आणि ती पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरत असते. हा लेख अशी फाईल आधीच हातात असलेल्यांसाठी आहे. ती कोऱ्या पानापासून कशी लिहायची ते इथे नाही.

एक सूचना आधीच देतो. इथे आज्ञांची आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाईलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये जातात.

१. एका फाईलच्या तीन फाईली करा

हातात येणाऱ्या दहापैकी आठ स्क्रिप्टमध्ये सगळा मसाला प्रीसीडच्या शेवटच्या ‘लेट कमांड’मध्ये, म्हणजे इन्स्टॉल संपताना चालणाऱ्या आज्ञेत, कोंबलेला असतो. प्रिंटर, फॉन्ट, डेस्कटॉपचं चित्र, शाळेचं नाव, सगळं एकाच लांबलचक ओळीत. ती ओळ दुरुस्त करून पाहायची तर दर वेळी पूर्ण इन्स्टॉल पुन्हा करावं लागतं. अर्धा तास गेला, आणि कळलं काय, तर एक अवतरणचिन्ह राहिलं होतं.

म्हणून वाटणी करा. प्रीसीडमध्ये फक्त भाषा, डिस्क, वापरकर्ता आणि मूळ पॅकेजेस ठेवा. बाकीचं काम एका वेगळ्या शेल स्क्रिप्टमध्ये टाका, लेट कमांडने ती फक्त आणायची आणि चालवायची. ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे मशीनच्या नावांचा क्रम, प्रिंटरचा पत्ता, शिक्षकांचं खातं, तिसऱ्या छोट्या फाईलमध्ये. निपाणीच्या शाखेसाठी काही बदललं तर खानापूरच्या लॅबला धक्का लागता कामा नये.

दुसरी स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच आला पाहिजे. इथली नेहमीची चूक म्हणजे एखाद्या सेटिंगच्या फाईलच्या शेवटी ओळ जोडत जाणं. तीनदा चालवली की तीच ओळ तीनदा. जोडण्यापेक्षा आपली वेगळी छोटी फाईल पूर्ण लिहा, म्हणजे दर वेळी ती तशीच नव्याने लिहिली जाईल.

तपासा: बसवलेल्या मशीनवर दुसरी स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी काहीही बदललं, तर ती अजून तयार नाही.

पहिल्या दोन फाईली गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवा. पासवर्ड मात्र कधीच नाही. आज काढून टाकला तरी गिटच्या इतिहासात तो राहतोच. प्रीसीडमध्ये उघडा पासवर्ड लिहू नका, ‘एमकेपासवर्ड’ने एसएचए-५१२ चा हॅश (पासवर्डचं उलटं न वाचता येणारं रूप) काढून तो द्या, आणि तो हॅशसुद्धा ठिकाणाच्या फाईलमध्ये, गिटबाहेर.

२. मशिनांची वही

साधी शंभर पानी वही चालते. प्रत्येक ठिकाणासाठी लिहा: प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, बूट (मशीन सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय की जुनं बायोस, डिस्क कोणती आणि केवढी, दुसरी डिस्क आहे का, रॅम, वायफाय चिप.

पहिला रकाना फालतू वाटेल, पण डेबियन १३ ला ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. तशी मशिनं डेबियन १२ वरच राहणार, म्हणजे त्यांच्यासाठी स्क्रिप्टची वेगळी शाखा हवी. हे लॅबमध्ये गेल्यावर कळलं तर एक चक्कर फुकट.

मशीन चालू केल्यावर बायोसमधली तारीख बघा. सीआर२०३२ ची बॅटरी मेलेली असली तर घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षावर गेलेलं असतं. इंटरनेटवरून वेळ मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर पॅकेजांवरच्या डिजिटल सह्या ‘भविष्यातल्या’ ठरतात आणि इन्स्टॉलर त्या नाकारतो. पडद्यावर मिररबद्दल (पॅकेजेस जिथून येतात त्या सर्व्हरबद्दल) तक्रार दिसते, माणूस दोन तास राउटरशी झगडतो, आणि दोष असतो बटणाएवढ्या सेलचा. मी बॅगेत दहाची पट्टी ठेवतो.

३. आवृत्ती नावानिशी बांधा

प्रीसीडमध्ये आवृत्तीच्या जागी ‘स्टेबल’ असं लिहिलेलं असेल तर आजच बदला. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, आली आणि ‘स्टेबल’ शब्दाचा अर्थ बदलला. शुक्रवारी ‘बुकवर्म’ बसवणारी फाईल पुढच्या आठवड्यात वेगळीच सिस्टिम मागू लागली. नाव लिहा: बुकवर्म किंवा ट्रिक्सी. नव्या आवृत्तीवर कधी जायचं ते तुम्ही ठरवा, कॅलेंडरला ठरवू देऊ नका.

नेटवर्कवरून बूट करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. डेबियनची किरकोळ सुधारित आवृत्ती साधारण दोन महिन्यांनी येते आणि तिच्याबरोबर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलू शकतो. तुमच्या सर्व्हरवरचा नेटबूट कर्नल जुना आणि मिररवरची मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) नवी असा मेळ बिघडला, की इन्स्टॉलर ‘कर्नल मॉड्यूल्स सापडली नाहीत’ म्हणून थांबतो. स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसू नका. नेटबूटच्या दोन्ही फाईली, कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या वेळची छोटी तात्पुरती सिस्टिम), एकदम नव्या आणा. एकच बदलली तर पुन्हा तेच.

तिसरी गोष्ट वायफायची. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा (वायफायसारख्या चिपांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेगळा विभाग झाला, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’. जुन्या स्क्रिप्टमध्ये फक्त ‘नॉन-फ्री’ असतं. इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर आधीच असल्यामुळे इन्स्टॉल नीट होतं, पण तुमच्या दुसऱ्या स्क्रिप्टने पॅकेजांच्या उगमांची यादी जुन्या पद्धतीने पुन्हा लिहिली असेल, तर पुढे फर्मवेअरचे अपडेट येतच नाहीत. याची तक्रार सहा महिन्यांनी येते, तोवर कारण कुणाला आठवत नाही.

४. डिस्क: इथे घाई करू नका

बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी स्वतः हे केलं आहे. बारा मशिनं नीट झाली, तेरावं ऑफिसचं होतं. आत दोन डिस्क होत्या. एक छोटी एसएसडी आणि एक जुनी ५०० जीबीची. स्क्रिप्टने पहिली डिस्क उचलली. त्या मशीनवर पहिली निघाली ती जुनी, प्रश्नपत्रिकांची. बाईंनी चहा आणून टेबलावर ठेवला आणि सहज विचारलं, "सर, आमचं ‘परीक्षा’ फोल्डर राहिलंय ना?" पडद्यावर तेव्हा पार्टिशन लिहून झालं होतं. बरंचसं एका शिक्षकांच्या पेनड्राइव्हवर मिळालं, सगळं नाही. चहा तसाच गार झाला.

चूक होती एका ओळीत. डेबियनच्या नमुना फाईलमध्ये पार्टमनच्या (डिस्कची वाटणी करणाऱ्या इन्स्टॉलरच्या भागाच्या) ‘अर्ली कमांड’चं एक उदाहरण आहे, ते डिस्कच्या यादीतली पहिली डिस्क निवडतं. नमुना म्हणून ते ठीक आहे, पण लोक ते जसंच्या तसं उचलतात. पहिली डिस्क म्हणजे कोणती याची हमी कुणीच देत नाही. सॅटा डिस्क ‘एसडीए’ म्हणून दिसते, एनव्हीएमई वेगळ्या नावाने, काही स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी तिसऱ्याच नावाने. कधी इन्स्टॉलचा पेनड्राइव्हच ‘एसडीए’ होऊन बसतो. रिकाम्या कार्ड रीडरलाही डिस्कचं नाव मिळतं, आकार शून्य.

याच अर्ली कमांडमधून एक छोटी तपासणी चालवा. क्रम असा ठेवा:

आधी सगळ्या डिस्कांची यादी घ्या. आकार शून्य असलेल्या गाळा. मग यूएसबीवरच्या गाळा. यासाठी ‘रिमूव्हेबल’ या खुणेवर विसंबू नका, यूएसबी केसमधली हार्ड डिस्क स्वतःला कायमची डिस्क म्हणवते. त्याऐवजी ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘ब्लॉक’ खाली त्या डिस्कचा दुवा कुठे जातो ते वाचा. मार्गात ‘यूएसबी’ शब्द आला की ती बाहेर. उरलेल्या डिस्का मोजा. बरोबर एक उरली तरच तिचं नाव ‘पार्टमन-ऑटो/डिस्क’ला द्या. शून्य किंवा दोन उरल्या, तर स्क्रिप्टने काहीही न निवडता थांबायचं.

हे थांबणं लोकांना आवडत नाही. "आपोआप म्हटलं आणि विचारत बसलं" अशी कुरकुर होते. होऊ द्या.

ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, कुठे बसवायचा ती ओळही याच नावाशी बांधा. तिथे ‘एसडीए’ हाताने लिहून ठेवलं असेल, तर सिस्टिम बसते एका डिस्कवर आणि ग्रब जातो पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह काढला की मशीन काळंठिक्कर.

सावधान: ‘डिस्कवर लिहू का’ या प्रश्नाला आधीच ‘हो’ म्हणणाऱ्या पार्टमनच्या ओळी चाचणी संपेपर्यंत फाईलमध्ये ठेवू नका. त्या शेवटी घालायच्या असतात.

तपासा: मशीनमध्ये दुसरी डिस्क आहे आणि तिच्यात कुणाचं काही आहे, तर झाकण उघडा आणि तिची केबल काढून ठेवा. पेचकसाइतकी खात्रीची तपासणी कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नाही.

५. मराठी आणि कन्नड, दोन्ही

आपल्याकडे शाळेचं पत्र मराठीत आणि तालुक्याला जाणारा अर्ज कन्नडमध्ये. त्यामुळे एकाच लिपीचं बघून चालत नाही.

पहिली तक्रार नेहमी अशी: "प्रीसीडमध्ये भाषा दिली आहे, तरी इन्स्टॉलर विचारतोच." याचं कारण क्रमात आहे. प्रीसीड नेटवर्कवरून येत असेल, तर आधी नेटवर्क लागतं, आणि भाषेचा प्रश्न त्याच्याही आधी येतो. फाईल पोचेपर्यंत प्रश्न विचारून झालेला असतो. बूटच्या ओळीत ‘ऑटो=ट्रू’ आणि ‘प्रायॉरिटी=क्रिटिकल’ द्या, म्हणजे ते प्रश्न मागे ढकलले जातात. पेनड्राइव्हवरच्या फाईललाही हीच अडचण येते. फाईल इनिटआरडीच्या आतच घातली असेल तर ती अगदी सुरुवातीला वाचली जाते.

सिस्टिमची भाषा मी इंग्रजी (भारत) ठेवतो, आणि मराठी व कन्नड लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दुसऱ्या स्क्रिप्टमधून तयार करतो. इथे एक बारीक फसगत आहे. लोकेलच्या यादीत मराठीचं नाव ‘एमआर_आयएन’ एवढंच असतं आणि त्यापुढे जागा सोडून ‘यूटीएफ-८’. अमेरिकन इंग्रजीप्रमाणे मध्ये टिंब देऊन शोधणारी आज्ञा ओळ शोधते, तिला काही सापडत नाही, आणि ती गप्प बसते.

कीबोर्डसाठी लेआउटची एक यादी आणि उपप्रकारांची दुसरी यादी असते. पहिल्या यादीत अमेरिकन, भारतीय, भारतीय असे तीन असतील, तर दुसरीतही तीन जागा हव्यात. अमेरिकनचा उपप्रकार रिकामा, म्हणून ती यादी स्वल्पविरामाने सुरू होते. तो स्वल्पविराम कुणीतरी ‘चुकून पडलाय’ समजून पुसतो आणि मराठीच्या जागी भलतंच उमटतं. अमेरिकन लेआउट पहिला ठेवा. देवनागरी पहिला ठेवलात तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाइप करता येणार नाही, आणि सकाळी सातला फोन तुम्हालाच येईल.

तपासा: लिबरऑफिसमध्ये ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘शाळा’ लिहा, खाली कन्नडमध्ये गावाचं नाव लिहा, पीडीएफ करा आणि कागदावर छापा. पडद्यावर ‘ऱ्या’तला अर्धा र बरोबर दिसूनही छापताना चौकोन आलेले मी पाहिले आहेत. जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमधली पत्रं मात्र कुठलाही फॉन्ट टाकून सुधारत नाहीत. ते रूपांतराचं वेगळं काम आहे, स्क्रिप्टमध्ये ओढू नका.

६. न दिसणाऱ्या चुका

प्रीसीडच्या ओळीत प्रकार आणि मूल्य यांच्यामध्ये एकच जागा सोडायची. ओळी सुबक दिसाव्यात म्हणून दोन-तीन जागा सोडल्या, की जास्तीची जागा मूल्याचाच भाग होते. मशीनचं नाव रिकाम्या जागेने सुरू होतं आणि इन्स्टॉलर ते नाकारतो. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच. टिप्पणीची खूण ओळीच्या सुरुवातीलाच द्या. ओळीच्या मध्ये दिली तर तीही मूल्यात जाते.

विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये फाईल उघडून जतन केली असेल, तर ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे झालेले असू शकतात. शेल स्क्रिप्ट मग पहिल्याच ओळीला ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. ‘डॉस२युनिक्स’ चालवा, आणि व्हॉट्सॲपवरून फाईल पाठवणं बंद करा.

तपासा: प्रीसीडसाठी ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ ही आज्ञा ‘-सी’ पर्यायाने, शेल स्क्रिप्टसाठी बॅशचा ‘-एन’ पर्याय आणि त्यानंतर ‘शेलचेक’ हा चुका शोधणारा प्रोग्राम. तिन्ही मिळून एक मिनिट लागत नाही. यांना व्याकरण कळतं, तुमचा हेतू कळत नाही. चुकीची डिस्क शुद्ध व्याकरणातही पुसता येते.

७. चाचणी, आणि तीही कोऱ्या डिस्कवर

व्हर्च्युअल मशीन दोन करा, एक जुन्या बायोसचं, एक यूईएफआयचं. दर चाचणीला नवी, कोरी डिस्क द्या. आधीच्या चाचणीची डिस्क पुन्हा वापरलीत तर जुनी पार्टिशनं तशीच असतात, आणि पार्टमन वेगळे प्रश्न विचारतो किंवा जे विचारायला हवे ते विचारतच नाही.

खानापूरच्या प्रकारानंतर मी प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला एक दुसरी डिस्कही जोडतो. तिच्यात ‘परीक्षा’ नावाचं फोल्डर आणि आत एक फाईल. स्क्रिप्ट चालवायची. ती थांबलीच पाहिजे. मग ती डिस्क काढून पुन्हा चालवायची, आता ती शेवटपर्यंत गेली पाहिजे. शेवटी काढलेली डिस्क जोडून फाईल उघडून बघायची. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर हे पूर्ण चक्र.

वायफाय, प्रिंटर, जुनं ग्राफिक कार्ड याबद्दल व्हर्च्युअल मशीन काहीच सांगत नाही. त्यासाठी वहीतलं सगळ्यात कुरकुरं मशीन निवडा. चांगल्या मशीनवर चाचणी करून समाधान मिळतं, माहिती मिळत नाही.

८. प्रत्यक्ष लॅबमध्ये

शनिवारी दुपारी जा, सोमवारी परीक्षा असताना जाऊ नका. आधी एक मशीन पूर्ण, लॉगिन आणि छपाईसह. मग तीन. मग उरलेली.

वीस मशिनांनी एकाच वेळी तीच पॅकेजेस इंटरनेटवरून ओढली, तर खेड्यातली लाइन बसते. लॅपटॉपवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ चालवा, तो एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून पुढच्या मशिनांना देतो. तो ३१४२ या पोर्टवर ऐकतो, प्रीसीडमध्ये प्रॉक्सीच्या ओळीत लॅपटॉपचा पत्ता द्या. पहिलं मशीन वेळ घेतं, पुढची भराभर होतात. काम झाल्यावर दुसऱ्या स्क्रिप्टने ती प्रॉक्सी काढली पाहिजे. नाहीतर तुम्ही लॅपटॉप घेऊन घरी आलात की शाळेतली मशिनं अपडेटसाठी तुमचा लॅपटॉप शोधत बसतात. ही चूक मी दोनदा केली आहे.

सावधान: सोसायटीच्या चालू नेटवर्कवर स्वतःचा डीएचसीपी (मशिनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा) सर्व्हर उभा करू नका. काउंटरवरची मशिनं तुमच्याकडून पत्ता घेतील आणि कामकाज थांबेल. ‘डीएनएसमास्क’ प्रॉक्सी पद्धतीने चालवा, म्हणजे पत्ते राउटरच देईल आणि तुम्ही फक्त बूटची फाईल. त्याहून सोपं म्हणजे स्वतःचा स्विच नेऊन मशिनं वेगळी जोडणं.

पावसाळ्यात खानापूरकडे जाताना यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या. पार्टिशन लिहिताना करंट गेला तर ते मशीन पहिल्यापासून करा. मधूनच पुढे रेटू नका.

९. अडकली तर

लाल पडदा आला की पहिल्यांदा मोबाइलवर त्याचा फोटो काढा. लोक आधी एंटर दाबतात आणि मग मला विचारतात की काय लिहिलं होतं. ऑल्ट आणि एफ४ दाबलं की इन्स्टॉलरची नोंद दिसते, ऑल्ट आणि एफ२ ने शेल मिळतो. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर जोडीला कंट्रोलही दाबावं लागतं. खालून वर वाचा. शेवटची ओळ बहुधा परिणाम असते, कारण तिच्या दहा-बारा ओळी वर असतं.

इन्स्टॉल पूर्ण झालं पण निकाल चुकला, तर बसलेल्या मशीनवर ‘व्हार/लॉग/इन्स्टॉलर’ या फोल्डरमध्ये सगळ्या नोंदी असतात. एखादा प्रश्न नव्या आवृत्तीत नाव बदलून आला आहे असा संशय असेल, तर मशीन एकदा हाताने, प्रश्नांना उत्तरं देत बसवा. मग ‘डेबकॉन्फ-युटिल्स’ पॅकेज टाकून ‘डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स’ इन्स्टॉलरच्या पर्यायासह चालवा. प्रश्नांची आत्ताची नावं आणि तुम्ही दिलेली उत्तरं समोर येतात. ती यादी प्रीसीड म्हणून आख्खी वापरू नका, तिच्यात बरीच अडगळ असते. हवी ती ओळ उचला.

१०. नोंद आणि जुने पेनड्राइव्ह

काम झाल्यावर गिटमध्ये त्या स्थितीला ठिकाण आणि तारखेचा टॅग द्या, आणि वहीत तोच टॅग लिहा. डेबियनची किरकोळ आवृत्ती आली की व्हर्च्युअल मशीनवर एक फेरी मारा, काही बिघडलं नसलं तरी. चहा होईपर्यंत ती फेरी संपते.

मग जुने पेनड्राइव्ह गोळा करा. शाळेच्या कपाटात, सोसायटीच्या कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये, कुणाच्या तरी किल्ल्यांच्या जुडग्यात. प्रत्येकावर पट्टी चिकटवून टॅग लिहा, आणि ज्यावर पट्टी नाही तो पुसा. गेल्या महिन्यात निपाणीला एका टेबलाच्या खणात मला माझाच एक सापडला, पहिली डिस्क उचलणाऱ्या ओळीसह. वर कुणीतरी पेनने लिहून ठेवलं होतं, ‘सरांचा, चांगला चालतो’.